बिल्ल्यावरचा दिवा

शलाका बोलायला लागली की महादेवीच्या बिल्ल्यावरचा हिरवा दिवा विझायचा. महादेवी बोलू लागली की तो पुन्हा लागायचा. आणि खरे सांगायचे तर, तो विझला की महादेवीला आतून थोडे बरे वाटायचे.

मोहोळजवळच्या एका शाळेच्या शेतात दोघी पोत्यावर बसल्या होत्या. समोर हुरड्याची आगटी होती. सातवीची काही मुले कणसे भाजत होती आणि हात पोळले की फुंकरा मारत होती. शेत शाळेचे होते आणि शलाका नाईकनवरे त्या शाळेत विज्ञान शिकवत असे. महादेवी बिराजदार सोलापूरकडच्या सीनाकाठ विद्यापीठात वनस्पतिशास्त्राची प्राध्यापक होती. दोघी एम.एस्सी.ला एकाच बाकावर बसलेल्या.

हा बिल्ला म्हणजे काय, ते आधी समजून घेऊ, कारण पुढचे सगळे त्याच्यावरच उभे आहे.

काही वर्षांपूर्वी लेख लिहिणारी यंत्रे इतकी हुशार झाली की संशोधनाच्या मासिकांकडे आलेला लेख माणसाने विचार करून लिहिला की यंत्राने जुळवून दिला, हे कुणालाच ओळखता येईना. प्रयोग न करताच प्रयोगांचे निकाल येऊ लागले. शेवटी संपादकांनी नियम केला की लेखातला विचार कुठल्या तरी जिवंत माणसाच्या डोक्यात उगवला, याचा पुरावा दाखवा, मगच छापू. त्या पुराव्यासाठी हा बिल्ला आला. संशोधक दिवसभर जे बोलतो ते सगळे, म्हणजे शंका, वाद, चहाच्या वेळची बडबडसुद्धा, बिल्ला ऐकतो आणि विद्यापीठाच्या संगणकाकडे पाठवतो. संगणक त्यातून प्रत्येक विचाराचे झाड काढतो. बी कुणी टाकले, फांदी कुणी वळवली, कीड कुणी काढली, सगळे त्या झाडावर दिसते. या व्यवस्थेला सरकारी नाव लांबलचक होते. विद्यापीठात सगळे तिला 'वंशावळ' म्हणत.

पण वाटेवरच्या कुणाचेही बोलणे साठवून ठेवणे बरोबर नाही. म्हणून कायद्याने बजावले की बिल्ल्याने फक्त संलग्न माणसांचे आवाज ठेवायचे. विद्यापीठाशी संलग्न होताना तुम्ही तुमचा आवाज नोंदवता आणि संमती देता. ज्याने ती दिलेली नाही त्याचा आवाज आला की बिल्ला कान मिटतो. दिवा विझतो तो त्यासाठी.

पूर्वी संलग्न असणे म्हणजे लेखात नावाखाली एक ओळ असणे. अमुक विभाग, तमुक विद्यापीठ. ओळ लहान, पण तिच्यामागे बरेच काही उभे असायचे. ग्रंथालय, महागडी यंत्रे, रानातून नमुने आणायची परवानगी, शिवाय तुमचे म्हणणे खोटे निघाले तर जाब द्यायला आणि खरे निघाले तर पाठीशी उभी राहायला एक संस्था. आता त्यात एका गोष्टीची भर पडली होती. संलग्न असणे म्हणजे ऐकू येणे.

शलाका ऐकू येत नव्हती.

ती वर्गात पहिली होती. पण वडिलांना अर्धांगवायू झाला, ती गावी परतली, शाळेत लागली. पीएच.डी. पुढे रडतखडत बाहेरून केली. विद्यापीठात जागा निघाली तेव्हा वय उलटून गेले होते. आणि महादेवी? महादेवी मेहनती होती, नेमकी होती, वेळेवर सगळे करणारी होती. त्यांचे मार्गदर्शक वळसंगकर सर फार मायेचे, पण त्यांची एक खोड होती. महादेवीने कधी सुंदर उत्तर दिले की सर चष्मा वर सारून हसत विचारत, "वा! शलाकाशी बोललीस वाटतं?"

सर आता हयात नव्हते. प्रश्न मात्र होता.

"तर मग सांगा," शलाका मुलांना विचारत होती, "रात्री तुम्ही झोपता तेव्हा ज्वारी काय करती?"

"उभी राहती, बाई," कोमल नावाची मुलगी म्हणाली. सगळे खदखदले.

"हसू नका, बरोबर आहे. उभं राहून काय करती?"

"पाणी वर वडती."

"आणि त्या पाण्याचं काय करती?"

मुले विचारात पडली. शलाकाने कणसाचा दांडा उचलून मातीत उभा धरला. शिकवताना तिचे हातच मुळे व्हायचे, पाने व्हायचे. पानांवर बारीक तोंडे असतात, ती म्हणाली. दिवसा ती उघडी असतात आणि त्यांतून पाणी वाफ होऊन जाते. खालची मुळे खोल काळ्या मातीतली ओल ओढून ती तूट भरून काढतात. रात्री तोंडे मिटतात. मग खालून आलेल्या पाण्याला वर जायला वाटच राहत नाही. ते वरच्या मुळांतून आजूबाजूच्या कोरड्या मातीत पाझरते. रब्बीची ज्वारी पावसावाचून येते ती अशी. दिवसभर पिते आणि रात्री वरच्या मातीला पाजते.

"आईसारखी," कोमल म्हणाली.

"आईसारखी. आता पळा, गूळ आणा."

मुले गेली. महादेवीने ओंजळीतला हुरडा चोळून फुंकला. दाणा यंदाही भरला नव्हता, निम्मा कोंडाच उडाला. हीच तर तिची गेल्या कित्येक वर्षांची डोकेदुखी होती. ज्वारीच्या मुळांशी राहणारे, तिला अन्न पोचवणारे जीवाणू तिने निवडून वाढवले होते. कुंडीत ते झकास काम करत. शेतात सोडले की मरत. विद्यापीठाचा प्रकल्प संपत आला होता आणि सांगण्यासारखे हातात काही नव्हते.

"तुझे जीवाणू काय म्हणतात?" शलाकाने विचारले.

"मरतात. उन्हाळा नाही, काही नाही, ऐन थंडीत मरतात."

"कसली थंडी, देवी? आता रात्री पंखा लावून झोपतोय आपण." शलाका पुढे सरकली. दिवा विझला. "हे बघ, पोरांनी काय केलंय. पहाटे उठून ज्वारीच्या पानाला नेलपॉलिश लावलं. सुकल्यावर सोलून काढलं की पानाचा ठसा येतो ना? आमच्या मोडक्या सूक्ष्मदर्शकाखाली बघितला. तोंडं उघडी होती गं. पहाटे! रात्र गरम, म्हणून ती मिटतच नाहीत. मग खालून ओढलेलं पाणी वरच्या मातीत यायचं कुठून? ते पानांतूनच उडून जातं."

महादेवीचा हात थांबला. "मग?"

"मग काय. तुझे जीवाणू चांगले आहेत. ज्वारीच रात्री जागतीय. तिला झोप नाही, म्हणून ती तुझ्या लेकरांना पाणी पाजत नाही. कुंडीत तू वरून पाणी घालतीस, तिथं तिच्या झोपेवाचून कुणाचं अडतच नाही."

महादेवीच्या प्रयोगशाळेत पानांची तोंडे मोजणारे परदेशी यंत्र होते. ते तिने कधी रात्री लावले नव्हते. आणि ही नेलपॉलिश घेऊन बसली होती.

"परत सांग," महादेवी म्हणाली. दिवा लागला.

शलाकाने परत सांगितले. दिवा विझला. तिला कंटाळा नव्हता. वर्गात एक गोष्ट दहादा सांगणारी बाई ती.

दुसऱ्या दिवशी सकाळी विभागाची बैठक होती. महादेवी वाटेत मनात वाक्य जुळवत आली होती: काल शलाका म्हणत होती की... दुसरे कसेही ते सुरू होणार नव्हते. तिच्या हाताखाली पीएच.डी. करणारी तेजल कागदावर रेघोट्या ओढत बसली होती, प्रकल्प बुडाल्यात जमा आहे हे ओळखून.

"तेजल," महादेवी म्हणाली, "आपले जीवाणू चांगले आहेत. ज्वारीच रात्री जागतेय."

तेजलने मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर एक उजेड आला. महादेवी तो उजेड ओळखत होती. वळसंगकर सरांच्या चेहऱ्यावर तो तिने पुष्कळदा पाहिला होता, पण शेजारी बसलेल्या शलाकाकडे वळलेला. आज तो तिच्याकडे वळला होता.

"म्हणजे... मॅडम, थांबा... रात्रीची पर्णरंध्रं? कसलं भारी! हे कधी सुचलं तुम्हाला?"

शलाकाचे नाव महादेवीच्या जिभेवर होते. घोटभर चहाबरोबर तिने ते गिळले.

"काल," ती म्हणाली.

हे खोटेही नव्हते. भिंतीवरच्या पडद्यावर वंशावळीने नवे झाड काढायला घेतले. खाली जाड अक्षरांत आले: मूळ, डॉ. महादेवी बिराजदार. यंत्राचा काही दोष नव्हता. त्याने ज्या आवाजात हा विचार पहिल्यांदा ऐकला त्याच आवाजाला तो दिला. त्याआधीचा आवाज ऐकायला त्याला बंदी होती.

मग कामाला भराभर गती आली. परदेशी यंत्र रात्रभर शेतात उभे राहिले. निष्कर्ष नेलपॉलिशने सांगितला तोच आला. तेजलने जुन्या वाणांचे बियाणे धुंडाळले आणि गरम रात्रीही तोंडे मिटणारा एक वाण सापडला. पुढच्या रब्बीत त्याच्या मुळांशी महादेवीचे जीवाणू जगले, वाढले. वर्तमानपत्रात तिचा फोटो आला. 'ज्वारीला झोपवणाऱ्या बाई' असा मथळा होता.

शलाकाचा फोन आला तेव्हा महादेवीने तो वाजू दिला. पुन्हा आला तेव्हा उचलला.

"देवी! अगं वाचलं! आपलं ते झोपेचं खरं निघालं की!"

आपलं. महादेवीने डोळे मिटले. तिने भांडणाची तयारी केली होती. मी आधी मापे घेतली, यंत्र माझे, जीवाणू माझे, तू नुसते बोललीस, असे सगळे मनात रचून ठेवले होते. त्यातला एक शब्दही उपयोगाचा नव्हता.

"हो गं," ती म्हणाली. "निघालं."

"पोरं नाचतायत इथं. कोमल म्हणती, बाई, पेपरात नेलपॉलिश का नाही आलं?" शलाका हसली. "आणि ऐक, तुमच्याकडे मानद संशोधकाची जागा निघालीय ना? मी अर्ज टाकतीय. पगार नाही म्हणे, पण बिल्ला मिळतो. या वयात एकदा तरी आपलं बोलणं कुठं उमटलेलं बघावं म्हणते. टाकू ना?"

"टाक की," महादेवी म्हणाली.

तिने फोन ठेवला. तिला वाटले होते, एकदा तरी आपण शलाकाच्या पुढे गेलो की हा जुना ठणका थांबेल. तो वाढला होता. जिच्याजवळ इतके आहे की गेलेले कळतसुद्धा नाही, तिच्यापुढे जायचे तरी कसे?

अर्जाबरोबर स्वतःच्या विचाराचा एक नमुना जोडायचा असतो. शलाकाने आपला वर्गातला पाठच जोडला. तो ती वर्षभर शिकवत होती. त्याचे नाव 'ज्वारीची झोप'. जो पाठ आपण रोज फळ्यावर काढतो तो दुसऱ्या कुणाच्या नावावर लागला असेल, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हते.

वंशावळीने एका क्षणात निकाल दिला. हा विचार उसना आहे. मूळ, डॉ. महादेवी बिराजदार.

वंशावळ कक्षाच्या प्रमुख फरजाना बागवान यांनी महादेवीला बोलावून घेतले. खोलीला काचेची भिंत होती. बाहेरच्या बाकावर शलाका बसली होती. तिला आत घेता येत नव्हते, कारण या खोलीतले सगळे नोंदले जाते आणि तिचा आवाज नोंदता येत नाही. तिची बाजू ऐकायची तर आधी ती संलग्न हवी आणि संलग्न व्हायचे तर आधी हा ठपका पुसायला हवा.

"काय म्हणाल या लोकांना!" बागवान मॅडम म्हणाल्या. "तुमचं संशोधन पेपरात आलं आणि बाईंनी उचलून अर्जाला लावलं. शिक्षिका आहेत हो. पोरांना काय शिकवत असतील?"

"पुढे काय होतं?" महादेवीने विचारले.

"काही नाही. तुम्ही 'हो, हा विचार माझा' एवढं म्हणायचं. मग यांच्या नावावर शिक्का बसतो. एकदा बसला की देशातलं कुठलंच विद्यापीठ यांना दारात उभं करणार नाही. शाळेलाही कळवावं लागतं." त्यांनी पडद्याला हात लावला. "तुमची बाजू भक्कम आहे. बैठकीच्या आदल्या दिवसाचं तुमचं बोलणंही आहे. यंत्र म्हणतं, तुम्ही स्वतःशीच मोठ्याने विचार करत होतात. ऐका."

खोलीत महादेवीचा आवाज आला. "मरतात. उन्हाळा नाही, काही नाही, ऐन थंडीत मरतात." मग शांतता. कणसे तडतडल्याचा आवाजही नाही, नुसती कापून काढलेली शांतता. मग, "मग?" पुन्हा शांतता, लांबलचक. मग, "परत सांग."

बागवान मॅडमचा हात पडद्यावरच राहिला. त्यांनी तेवढाच तुकडा पुन्हा लावला.

"परत सांग," महादेवीचा आवाज म्हणाला.

यंत्राला माणसाच्या बोलण्यातले पुष्कळ कळते, पण 'परत सांग' असे कुणी स्वतःला म्हणत नाही हे कळायला कान लागतात. बागवान मॅडमना ते होते. त्यांनी काचेबाहेर पाहिले, मग महादेवीकडे. चोवीस तास माणसांची भांडणे ऐकणारी बाई ती. आवाज न चढवता त्यांनी विचारले, "मॅडम, हे कुणाला म्हणालात?"

महादेवीची नजर काचेबाहेर गेली.

"यंत्र म्हणतं स्वतःला," बागवान मॅडम म्हणाल्या. "तसंच ठेवू?"

काचेपलीकडे शलाका बाकावर बसून शिपाईमामांना काहीतरी समजावून सांगत होती. तिचे हात मुळे झाले होते. शिपाईमामा हातातला ट्रे विसरून ऐकत उभे होते. इथे हिच्या आयुष्याचा निकाल लागतोय, महादेवीच्या मनात आले, आणि ही बाकावर बसून शिकवतेय. त्या घडीलाही तिला शलाकाचा हेवा वाटला. भीतीच्या जागीसुद्धा जिला काहीतरी सांगावेसे वाटते, त्या डोक्याचा हेवा.

फक्त 'हो' म्हणायचे होते. मग शलाका वाटेतूनच गेली असती. कायमची. आणि मग? महादेवीने ते चित्र पुरते पाहिले. उद्या तिला काही सुचेल, खरोखर तिचे स्वतःचे, आणि ते कितपत चांगले आहे हे लावून पाहायला समोर कुणीच नसेल. आयुष्यभर जिच्या खांद्याशी खांदा लावून आपली उंची मोजली, तिलाच उठवून लावायचे? हेवा करायलाही समोर माणूस लागते.

हे काही फार थोर कारण नव्हते. पण तेवढेच तिच्यापाशी होते.

"शलाका म्हणाली," महादेवी म्हणाली. तिच्या छातीवरचा दिवा लख्ख पेटलेला होता. "सगळा विचार शलाका नाईकनवरेचा. मी फक्त परत सांग म्हणाले."

बाहेर आल्यावर तिने शलाकाला सांगितले, तिथेच, बाकाशेजारी उभे राहून. शलाकाचे हात मांडीवर निपचित पडले होते. तसे ते महादेवीने कधी पाहिले नव्हते.

"तू मागितलं असतंस," शलाका शेवटी म्हणाली, "तर मी दिलं असतं गं."

"तेच तर नको होतं मला."

शलाका उठली. "शिक्का बसला असता तर पोरांना काय सांगितलं असतं मी?" एवढेच म्हणाली आणि चहा न घेता निघून गेली.

मूळ चुकीचे आहे हे ठाऊक असून गप्प राहणाऱ्याची संलग्नता वर्षभर थांबवायची, असा नियम होता. महादेवीने बिल्ला काढून दिला. नोकरी राहिली. बी.एस्सी.च्या वर्गांना शिकवायची मुभा होती, संशोधनाची नव्हती. पहिल्याच आठवड्यात तिला कळले की आपण दारे उघडत नव्हतो, बिल्ला उघडत होता. ग्रंथालयाचे दार हलेना. तिने स्वतः निवडलेले जीवाणू शीतपेटीत होते आणि शीतपेटी तिला ओळखेना. बैठकीला तेजल अवघडून म्हणाली, "मॅडम, तुम्ही बसा ना, पण..." ती बसली. तिने एक शंका काढली. खोलीतल्या सगळ्या बिल्ल्यांचे दिवे एकदम विझले. सगळे मान खाली घालून दिवे लागायची वाट पाहत राहिले. त्यानंतर ती बैठकीला गेली नाही.

इतकी वर्षे शलाका या अंधारात बोलत होती तर, तिला वाटले. आणि तरी बोलत होती. याचाही हेवा करावा, की दुसरे काही वाटून घ्यावे, हे तिला ठरवता येईना.

शलाकाला बिल्ला मिळाला. शनिवारी ती विद्यापीठात येई. तेजलबरोबर काम करी. जिन्यात दोघी समोरासमोर आल्या की शलाका मान हलवी आणि पुढे जाई. महिने असे गेले.

मग थंडीत, म्हणजे ज्याला आता थंडी म्हणायचे त्या दिवसांत, फोन आला.

"हुरडा आलाय," शलाका म्हणाली.

"येऊ?"

"म्हणून तर फोन केला. दही घेऊन ये. इथलं आंबटढाण आहे."

शेत तेच होते. कोमल आता नववीत गेली होती आणि नव्या सातवीवर हुकूम चालवत होती. शलाकाच्या ओढणीवर बिल्ला होता, थोडा तिरका लावलेला. दोघी पोत्यावर बसल्या. पहिली काही कणसे नुसती शेंगाच्या चटणीबरोबर खाण्यात गेली.

"तेजल कशी आहे?" महादेवीने विचारले. शलाकाच्या बिल्ल्यावरचा दिवा विझला. महादेवीला ते पलीकडून पाहायची सवय नव्हती.

"हुशार आहे. पण अडकलोय आम्ही. तो झोपणारा वाण आहे ना, त्याची भाकरी चांगली होत नाही. लोक पेरायला तयार नाहीत. ज्याची भाकरी चांगली, ती ज्वारी काही झोपत नाही."

महादेवीने काडीने राख उकरली. इतके महिने तिला ना प्रयोगशाळा होती, ना ग्रंथालय. होते ते फक्त बी.एस्सी.चे वर्ग आणि येता-जाता दिसणारी शेते. एकदा वर्गात एका मुलाने विचारले होते, मॅडम, आमचे आजोबा ज्वारीच्या पेरणीत मधून मधून करडईची ओळ का घालतात? तिने पुस्तकी उत्तर दिले होते, काट्यांमुळे जनावरे आत शिरत नाहीत. उत्तर दिले आणि तो प्रश्न तिच्याबरोबर घरी आला. मग कितीतरी दिवस तिने तो कुणाजवळ बोलून न दाखवता एकटीने वाढवला होता.

"ज्वारीला झोपवायचा नाद सोड," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"ती जागू दे. तिच्या शेजारी झोपणारं कुणीतरी लाव. करडई. तिचं सोटमूळ ज्वारीच्याही खाली जातं. तिची तोंडं गरम रात्री मिटत असतील, तर रात्री वरच्या मातीत ती पाणी सोडेल. ते शेजारच्या ज्वारीच्या मुळांशी जाईल, जीवाणूंना मिळेल. करडई पाजेल आणि ज्वारी भरेल. जुनी माणसं ओळी घालतच होती. आपण यंत्रानं पेरायला लागलो आणि त्या काढून टाकल्या."

शलाकाच्या हातातले कणीस तसेच राहिले. आणि तिच्या चेहऱ्यावर काहीतरी झरकन येऊन गेले. डोळ्यांच्या कडा बारीक झाल्या, ओठ आत ओढले गेले. दुसऱ्या कुणाला ते दिसले नसते. महादेवीला दिसले. तो चेहरा ती ओळखत होती, आरशातून.

हे मला का नाही सुचले?

महादेवीच्या अंगभर एक ऊब पसरली. इतक्या वर्षांत एकदा, एकदाच. तिने ती ऊब पुरती घेतली. मग तिचे लक्ष बिल्ल्याकडे गेले. दिवा विझलेला होता. ती जे बोलली त्यातले एक अक्षरही कुठे उमटले नव्हते. आगटी आणि शलाका, एवढ्यांनीच ते ऐकले होते. उद्या शनिवार. सकाळी बैठक. तेजल कागदावर रेघोट्या ओढत बसलेली असणार.

शलाकानेही खाली बिल्ल्याकडे पाहिले. मग महादेवीकडे. दोघींनाही एकच गोष्ट कळत होती आणि दोघींनाही ठाऊक होते की दुसरीला ती कळते आहे. मागायचे महादेवीच्या तोंडी येईना.

शलाकाने कणीस बाजूला ठेवले. तिरका बिल्ला नीट केला. श्वास घेतला आणि तोंड उघडले. दिवा लागला.

"महादेवी म्हणते," ती बिल्ल्याला म्हणाली, एकेक शब्द तोडत, जणू दात दुखत असावा, "महादेवी बिराजदार म्हणते, की ज्वारीच्या शेजारी करडई लावा."

मग ती महादेवीकडे वळली, कपाळाला आठ्या घालून, आवाजात भांडण घेऊन.

"अशी बघत काय बसलीस? सोटमुळाचं काय म्हणालीस ते? परत सांग."